गव्हाण थांबू नये म्हणून

कापडगिरणी कापसाच्या गाठी गोदामात रचून ठेवू शकते, तेलगिरणी शेंगदाण्याची पोती. साखर कारखान्याला ती सोय नाही. ऊस तोडला की त्याच क्षणापासून तो उतरू लागतो. त्यातले पाणी उडते, वजन घटते, आणि साखरेचे विघटन होऊन जी द्राक्षशर्करा व फलशर्करा बनते तिचा दाणा पडत नाही. चोवीस तासांच्या आत गाळप झाले तर ठीक. त्यापुढचा प्रत्येक तास शेतकऱ्याच्या वजनातून आणि कारखान्याच्या साखर-उताऱ्यातून वजा होतो, उन्हाळ्याच्या तोंडावर तर दुपटीने. गिरणी बंद ठेवून वाट पाहावी, तर बॉयलरला लागणारा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, गिरणीतूनच येतो. रस पाईपात आणि टाक्यांत आंबतो. थंड पडलेले यंत्र पुन्हा वाफेवर आणताना इंधन फुकट जळते. म्हणून कारखान्यात ‘नो-केन’, म्हणजे ऊस नाही, हा शब्द अपशकुनासारखा उच्चारला जातो. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल हे चार-पाच महिने गव्हाणीत, म्हणजे ऊस गिरणीत नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळी पडत राहिली पाहिजे, दिवसा आणि रात्री, आणि ती मोळी कालचीच असली पाहिजे. साठा करता न येणाऱ्या कच्च्या मालावर अखंड चालणारे यंत्र कसे चालवायचे, हा उत्पादन-व्यवस्थापनातला अत्यंत अवघड प्रश्न आहे. महाराष्ट्राने तो गेल्या सत्तर वर्षांत सोडवला. या लेखाचे म्हणणे एवढेच, की तो यंत्राने किंवा नुसत्या नियोजनाने सुटलेला नाही. जो साठा उसाचा करता येत नाही तो माणसांचा केला गेला, आणि त्या साठ्याचे सगळ्यात मोठे कोठार बीड जिल्हा आहे.

सुरुवात बीडपासून फार लांब झाली नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना ३१ डिसेंबर १९५० रोजी गाळपाला लागला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी उभे केलेले ते काम मालकीच्या दृष्टीने क्रांतिकारक होते, कारण ऊस पिकवणारा कारखान्याचा धनी झाला. त्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. मात्र सभासद शेतकरी मालक झाल्यामुळे कारखान्याच्या कामकाजातही एक मूलभूत बदल झाला, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. खासगी कारखाने बऱ्याच अंशी स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या मोठ्या सलग मळ्यांतून ऊस आणत. सहकारी कारखान्याला तो हजारो सभासदांच्या एकर-दोन एकराच्या तुकड्यांतून गोळा करायचा होता. त्यासाठी जे शेतकी खाते उभे राहिले, ते मला आपल्या ग्रामीण भागातले एक मोठे बौद्धिक कर्तृत्व वाटते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, ती सोळा ते अठरा महिन्यांनी पक्व होते, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटून येणारे पीक, या सर्वांच्या आधी तयार. प्रत्येक सभासदाच्या लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र नोंदवायचे, रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या घनपदार्थांचे प्रमाण, पाहायचा, त्यावरून गटवार तोडणी कार्यक्रम लावायचा, शेतकी खात्याच्या चिटबॉयने फडावर जाऊन तोड द्यायची, आणि हे सारे असे जुळवायचे की रोज नेमके गाळपक्षमतेइतकेच वजन काट्यावर यावे. संगणक येण्याच्या कितीतरी आधी हे काम वह्यांवर आणि नकाशांवर होत होते. पुढे १९८४ च्या आदेशाने प्रत्येक कारखान्याचे कार्यक्षेत्र राखीव झाले तेव्हा हा हिशेब आणखी पक्का झाला. ही झोनबंदी उठल्यावर शेजारच्या हद्दीतला ऊस पळवण्याची चढाओढ लागली, वाहतूक लांबली आणि हा हिशेब पुन्हा विस्कटला.

पण कार्यक्रम कागदावर लावला तरी फडात कोयता चालवणारा हात लागतोच, आणि तिथे गणित सोपे व निर्दय आहे. एक जोडपे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत एक कोयता, दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते, साळते, मोळ्या बांधते आणि वाहनात भरते. १९६०-७० च्या काळातला ठरावीक आकाराचा कारखाना रोज १२५० टन गाळणारा होता. त्याला रोज सहाशे ते आठशे कोयते लागत. आज ५००० टनांच्या कारखान्याला अडीच ते साडेतीन हजार कोयते लागतात, म्हणजे पाच ते सात हजार माणसे. शिवाय कोणी आजारी पडणार, कोणी पळून जाणार, म्हणून करार त्याहून जास्तीचे करावे लागतात. ही माणसे कशी असावीत याच्या अटी यंत्रानेच घालून दिलेल्या आहेत. ती फडाजवळ राहणारी हवीत, कारण तोड कुठे निघेल ते आदल्या दिवशी कळते. वाहन पहाटे तीनला आले तरी भरायला उठणारी हवीत. आज या गावात तर आठवड्याने दहा कोस लांब अशी हलवता येणारी हवीत. हंगाम संपला की त्यांचा भार कारखान्यावर राहू नये. गावातला शेतमजूर यात बसत नाही. त्याला संध्याकाळी घर असते, सणवार असतात, दुसऱ्या शेतकऱ्याचे बोलावणे असते, आणि काम पटले नाही तर तो उद्या येत नाही.

या अटींत बसणारा मुलूख बालाघाटच्या डोंगररांगांवर होता. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज हा पर्जन्यछायेतला, उथळ मातीचा, एका खरीप पिकाचा भाग. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिल्याने, दख्खनच्या कालव्यांनी नगर-पुण्याकडे जे बागायत उभे केले त्याच्या बाहेर राहिलेला. शेजारच्या पाथर्डीतून आणि आष्टी-पाटोद्यातून माणसे नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे आधीपासून जात होतीच. १९७२ च्या दुष्काळाने या वाटेचा हमरस्ता केला. खडी फोडायला आणि पाझर तलावावर गेलेली कुटुंबे पाऊस पडल्यावरही पुरती शेतीत परतली नाहीत, आणि त्याच दशकात पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची संख्या व क्षमता झपाट्याने वाढत होती. वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, दलित अशा सर्व समाजांतली माणसे यात आली. दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास भरतात, हे बीडच्या कित्येक तालुक्यांचे वार्षिक वेळापत्रक तेव्हापासूनचे आहे.

या माणसांना कारखान्याशी जोडणारी पद्धत नीट पाहिली पाहिजे, कारण सारी कळ तिच्यात आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम कोयत्याशी. हंगामाच्या कितीतरी आधी, पावसाळ्यात घरात काही नसताना, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. आज ती एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. उचलीकडे आपण सावकारी म्हणून पाहतो आणि ती तशी आहेही, पण कारखान्याच्या बाजूने पाहिल्यास ते क्षमतेचे आरक्षण आहे. नोव्हेंबरमध्ये लागणारे मनुष्यबळ जुलैमध्येच पैसे देऊन बांधून ठेवलेले असते. ते सगळेच्या सगळे पैसे मजुरीतून वळते होतात, म्हणून हे आरक्षण अखेर मजुराच्याच कमाईतून होते. मुकादम टोळी जमवतो, तिच्यावर नजर ठेवतो, खाडा झाला तर दंड लावतो, आणि या सर्वांचे कमिशन घेतो. मजुरी टनावर. या एका अटीचे परिणाम दूरवर जातात. वाहन आले नाही, यार्डात गाड्यांची रांग लागली, गिरणी बिघडली, अवकाळी पावसाने फडात चिखल झाला, तर त्या दिवशी टन शून्य आणि मजुरीही शून्य. टायरगाडीवाला दोन-तीन टन ऊस घेऊन काट्यावर रात्रभर बैलांसह थांबतो, त्या थांबण्याला दर नाही. कारखान्याच्या दैनंदिन नोंदींत ‘नो-केन’चे तास मिनिटांसकट नोंदवलेले असतात, मजुराच्या ‘नो-वाहन’ तासांची नोंद ठेवणारी वही मात्र कुठेच नाही. अनिश्चितता कोणत्याही उत्पादनात असतेच आणि तिची किंमत कोणीतरी मोजतोच. इथे ती रचनेनेच सर्वात खालच्या कडीवर ढकलली आहे.

सहकारी कारखाने उभे राहत होते त्याच काळात जपानमध्ये तायइची ओनो टोयोटाच्या कारखान्यात गोदामे रिकामी करत होते. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल, ही त्यांची पद्धत पुढे जगभर शिकवली गेली आणि आपल्या व्यवस्थापन महाविद्यालयांतही ती आदराने शिकवतात. आपल्या साखर कारखान्यांनी तीच गोष्ट निसर्गाच्या सक्तीने साधली होती. फरक असा, की साठा काढून टाकला की कामगारावरचे अवलंबन वाढते हे ओनो ओळखून होते; टोयोटात ते कामगार कंपनीचे कायम नोकर होते आणि दोष दिसला तर दोरी ओढून अख्खी साखळी थांबवण्याचा अधिकार त्यांना होता. आपल्याकडे गव्हाण ज्याच्या हातावर चालते तो कारखान्याच्या हजेरीपटावर नाही आणि काही थांबवण्याचा अधिकार त्याला नाही. आजारपणात थांबला तरी खाडा.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की हे स्थलांतर दुष्काळाने घडवले, कारखान्यांनी नव्हे. उलट कारखाने नसते तर ही माणसे उपाशी मेली असती. आक्षेपात तथ्य आहे. कोरडवाहू बीडला रोख पैसा दिला तो कोयत्याने, आणि कित्येक घरांतली पक्की भिंत व मुलांचे शिक्षण त्यातूनच झाले. पण दुष्काळ माणसाला घराबाहेर काढतो. माणूस कोणत्या अटींवर कामाला लागेल ते दुष्काळ ठरवत नाही. याचा उत्तम पुरावा शेजारच्या गुजरातेत आहे. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली भागातल्या सहकारी साखर कारखान्यांचा अभ्यास केला. तिथे हळपती हे भूमिहीन मजूर गावोगाव कामाविना होते, तरी कारखाने तोडणीसाठी खानदेशातून टोळ्या आणत. म्हणजे मजुरांचा तुटवडा हे खरे कारण नव्हते. जो परगावचा आहे, उचलीने बांधलेला आहे आणि हंगामभर फडातच राहतो, तोच मजूर अखंड चालणाऱ्या यंत्राला सोयीचा असतो. दुसरे उदाहरण आपल्याच घरचे. १९७९ पासून रोजगार हमी कायदा अमलात आला आणि दुष्काळी गावात काम मागण्याचा हक्क मिळाला. तरीही बीडचे स्थलांतर थांबले नाही, कारण हमीची मजुरी आठवड्यांनी मिळते आणि उचल पावसाळ्यातच हातावर पडते. गरजेच्या वेळी पैसा पोचवण्याची जी रीत कारखान्यांनी बसवली, ती सरकारला बसवता आली नाही.

दुसरा आक्षेप कारखानदारांचा आणि मुकादमांचा. मजूर उचल घेऊन पळतात, एकाच हंगामाची उचल दोघांकडून घेतात, मुकादमही कारखान्याला बुडवतात, तोड देताना शेतकऱ्याकडून खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागतात. हे घडते, आणि दर हंगामात पोलीस ठाण्यापर्यंत जाते. ज्या शेतकऱ्याचा ऊस मार्च उजाडला तरी उभा असतो त्याच्याकडून तोडीसाठी पैसे उकळले जाणे हा अन्यायच आहे. पण विचार करा, जी साखळी तोंडी कबुलीवर, लेखी कराराविना, दोन मध्यस्थांच्या हातून चालते, तिच्यात फसवणूक दोन्ही बाजूंनी होणारच. पळालेल्या कोयत्याची भरपाई टोळीतल्या उरलेल्यांकडून किंवा पळालेल्याच्या नातेवाइकांकडून केली जाते, त्यातून माणसे डांबून ठेवण्यापर्यंत मजल जाते. वास्तविक वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे. आणि फसवणूक होते म्हणून कारखान्याने मजुराशी थेट करार करू नये, हा निष्कर्ष उलटा आहे. थेट नोंद नसल्यामुळेच तर फसवणूक सोपी होते.

पश्चिम महाराष्ट्राने मराठवाड्याला लुटले, असे सांगून हा विषय संपवण्याचीही एक पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण बीडमध्येच कारखाने निघाले तेव्हा काय झाले ते समोर आहे. सिंदफणेवर माजलगाव धरण झाले, अंबासाखरला, तेलगावला, परळीजवळ पांगरीला कारखाने उभे राहिले. त्यांचे संचालक बीडचे, सभासद बीडचे, तोडणारेही बीडचे, आणि पद्धत मात्र तीच: मुकादम, उचल, कोयता, टनावर मजुरी. ती भूगोलाची किंवा एखाद्या नेत्याच्या दुष्टाव्याची नसून उत्पादनाच्या रचनेची होती, म्हणूनच ती जशीच्या तशी उचलली गेली. मजुरांनी लढाही दिला. पाथर्डीचे बबनराव ढाकणे, परळीचे गोपीनाथ मुंडे यांच्या मागे ऊसतोड मजूर उभे राहिले, ‘कोयता बंद’ संप झाले, आणि शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांच्या लवादाने दर ठरवण्याचा पायंडा पडला. मुंडे यांच्या पश्चात पंकजा मुंडे त्या जागी आल्या. २०२० मध्ये सरासरी १४ टक्के आणि जानेवारी २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ३४ टक्के वाढ मिळाली. ही मिळकत थोडी नाही. पण चाळीस वर्षांचा झगडा टनाच्या दराभोवती आणि मुकादमाच्या कमिशनाभोवती फिरत राहिला. थांबण्याचा दर, रात्रीच्या भरणीचा दर, आजारपणाची रजा, हे विषय बाजूलाच राहिले.

त्याची किंमत बायकांच्या शरीराने मोजली. कोयता ही जोडप्याची एकच मोजणी असल्याने बाईची मजुरी वेगळी लिहिली जात नाही. तिच्या नावावर ना तिचे टन असतात ना पैसे. पहाटे ती भाकरी करते, दिवसा मोळी बांधते आणि डोक्यावरून वाहनात चढवते, रात्री पुन्हा चूल. फडावर शौचालय नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, आडोसा नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशासमोर आला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. याला खासगी दवाखान्यांचा लोभ, कर्करोगाची घातलेली भीती, लहान वयातली लग्ने आणि लागोपाठची बाळंतपणे अशी अनेक कारणे आहेत, एकट्या तोडणीवर सगळा दोष टाकणे चूक ठरेल. तरीही एक गोष्ट उरतेच. जिथे एक दिवस बसणे म्हणजे दंड, तिथे पाळीचे चार दिवस आणि अंगावरचे दुखणे हे कामातला खंड ठरतात, आणि तो खंड कायमचा काढून टाकणे हा बाईला व्यवहारी उपाय वाटू लागतो. गिरणीला देखभालीसाठी ठरावीक बंद दिला जातो. गिरणी भरणाऱ्या बाईला तो नाही.

‘ही आमची माणसे नाहीत, मुकादमाची आहेत’ हे कारखान्यांचे जुने उत्तर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हंगाम अर्धवट असताना एक लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलमध्ये सरकारने त्यांना गावी पोचवण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्यांच्या याद्या, तपासणी आणि प्रवासाची जबाबदारी कारखान्यांवरच टाकली गेली, आणि कारखान्यांना ती पार पाडता आली. कोण कुठल्या फडात आहे हे त्यांना माहीत होते. ज्याच्याशिवाय उद्याचा ऊस येत नाही त्याची माहिती नसेल कशी? पुढच्याच वर्षी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी गाळपावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यायचे ठरले, संत भगवानबाबांच्या नावाने मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आली, गावोगाव ओळखपत्रांची नोंदणी सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बीडच्या महिलांवर सविस्तर वृत्तान्त छापला आणि साखर विकत घेणाऱ्या मोठ्या परदेशी शीतपेय कंपन्यांचे नावही या फडाशी जाहीरपणे जोडले गेले.

आता सांगितले जाते की तोडणी यंत्र येईल आणि प्रश्नच संपेल. क्वीन्सलँडमध्ये १९७० च्या दशकाअखेर हाताने ऊस तोडणे जवळजवळ संपले, ब्राझीलनेही मोठा पल्ला गाठला. पण तिथली शेते सलग आणि विस्तीर्ण आहेत. आपल्याकडे तुकडा लहान, सरी अरुंद, बांध आडवे. यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, त्याच्या उसात पाचट जास्त येते, आणि किंमत कोटीच्या घरात, म्हणून केंद्र व राज्य सरकारांना ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान द्यावे लागते. यंत्र वाढेल आणि वाढावे. डोक्यावरून मोळी वाहण्यात जपण्यासारखे काही नाही. पण ते सपाट, सलग, सोपा ऊस आधी घेईल, आणि हातासाठी उरेल तो पडलेला, चिखलातला, आडवळणाचा ऊस, त्याच टनाच्या दरात. तेव्हा यंत्राची वाट पाहत दहा-पंधरा हंगाम काढणे हे उत्तर नव्हे.

२०२४ च्या कराराची मुदत तीन वर्षांची आहे. पुढच्या बोलणीला साखर संघ, लवादाचे सदस्य आणि संघटना बसतील तेव्हा त्यांनी टक्केवारीच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रत्येक कोयत्याच्या दोन्ही माणसांची कारखान्याच्या शेतकी खात्यात स्वतंत्र नोंद आणि बाईच्या टनाचे पैसे तिच्या खात्यात, वाहनाअभावी किंवा गिरणी बंद पडल्याने वाया गेलेल्या दिवसाचा ठरावीक दर, आणि आजारपण व पाळीच्या दिवसांवरचा खाडा रद्द. सोळा महिन्यांपूर्वीच्या लागणीची तारीख गट नंबरासह सांगू शकणाऱ्या शेतकी खात्याला या नोंदी ठेवणे मुळीच अवघड नाही.